वहीपूजन आणि ऋणमुक्ती

आज अश्विन अमावास्या. तिन्हीसांजेला घरोघरी पाट मांडला जाईल, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जाईल आणि व्यापारी मंडळी नव्या वहीवर ‘श्री’ लिहून तिची पूजा करतील. वहीला लक्ष्मीचे आसन मानणारी ही प्रथा दुकानापुरतीच का राहावी, हा प्रश्न आम्ही भाविक वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

त्याचे उत्तर आमच्या परिसराच्या इतिहासातच आहे. आमची कन्हेरी ज्या बारामती तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील सुपे या गावी 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर; ते कागद त्यांनी जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते, तेव्हा कर्जही सढळ मिळाले. पुढे भाव कोसळले, सारा वाढला आणि कर्ज तेवढे उरले. 1879 च्या कायद्याने कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. परंतु तोवर अनेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

या घटनेचे मर्म आम्हांला असे वाटते : ज्याच्या संसाराची वही दुसऱ्याच्या हाती असते, तो आपल्या शेतात राबत असला तरी पराधीनच. शास्त्राने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. सावकाराचे ऋण मात्र माणूस स्वतः जोडतो.

आज सावकाराची जागा पुष्कळ ठिकाणी हप्त्याने घेतली आहे. उसाचे बिल हाती पडण्याआधीच ते वाहनात, लग्नाच्या मांडवात नि सणाच्या खरेदीत खर्ची पडलेले असते. चक्रवाढीचे गणित दोन्ही बाजूंनी चालते, हे ध्यानी घ्यावे. दरसाल शेकडा 8 दराने ठेवलेली पुंजी सुमारे 9 वर्षांत दुप्पट होते. शेकडा 24 दराने घेतलेले आणि न फेडलेले कर्ज सव्वातीन वर्षांतच दुप्पट होते. म्हणून बचतीआधी महागडे कर्ज फेडणे, हीच पहिली गुंतवणूक होय.

आमचा शेतकरी कितीही अडचण आली तरी बियाणे दळून खात नाही. उत्पन्न हाती येताच त्यातला एक वाटा असाच बियाण्यासारखा प्रथम बाजूला काढावा. आधी वर्षभराच्या खर्चाची बेगमी करावी. नंतर टपाल कार्यालय, भविष्यनिर्वाह निधी अशा सुरक्षित ठिकाणी दीर्घ मुदतीने रक्कम गुंतवावी. जादा व्याजाच्या मोहात मुद्दल गमावू नये. बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवीला 2020 साली पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण देण्यात आले. पतसंस्थेतील ठेवीला ते लागू नाही. ठेव ठेवण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी. बचत गटातील आपल्या मायबहिणी महिन्याला थोडे थोडे साठवून आणि प्रत्येक पैशाची नोंद ठेवून हीच शिस्त पाळीत आहेत.

काटकसर म्हणजे कृपणता असे कोणी समजू नये. कृपणाचे धन त्याच्याही उपयोगी पडत नाही. काटकसरी गृहस्थाच्या दारातून मात्र अतिथी विन्मुख जात नाही, कारण त्याचे दान उसनवारीचे नसते. पुरुषार्थांत अर्थाला धर्मामागोमाग स्थान दिले आहे, ते एवढ्याचसाठी.

तेव्हा आज पाटावर नाण्यांशेजारी एक साधी वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर घरातील सर्वांनी मिळून देणे, येणे आणि शिल्लक खरेपणाने मांडावी. पुढील अमावास्येपर्यंत देण्याचा आकडा घटत जावो आणि वाचकांच्या घरी लक्ष्मी स्थिर राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.