पेपरमध्ये गोंधळ झाला तर गुणांचं काय? राज्याचा असेल तर मंडळ बघतं, एका वर्गाचा असेल तर पोरानेच बोलायला हवं

दहावी-बारावी म्हटलं की घरात काळजी असते ती अभ्यासाची. पण पेपरच जळाला, फुटला किंवा चुकीचा छापून आला तर काय होतं, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. 2020 ते 2023 या काळात राज्य मंडळावर अशी वेळ अनेकदा आली. त्यातल्या या चार घटनांत निर्णय चार वेगवेगळे लागले.

मार्च 2020 : कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला. बाकीच्या विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले.

फेब्रुवारी 2022 : बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन पुण्याकडे निघालेल्या गाडीला संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात आग लागली. 5 आणि 7 मार्चचे पेपर 5 आणि 7 एप्रिलला गेले. गाडी एक जळाली, पण थांबावं लागलं पूर्ण राज्याला.

21 फेब्रुवारी 2023 : बारावी इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात 6 गुणांची चूक निघाली. मंडळाने गुण दिले, पण सरसकट नाही. ज्यांनी तो विभाग सोडवायचा प्रयत्न केला किंवा निदान प्रश्न क्रमांक टाकला, त्यांनाच. कोरं पान सोडणाऱ्याचे 6 गुण गेले.

3 मार्च 2023 : बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा इथून बारावी गणिताची पानं मोबाईलवर फिरली. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. फेरपरीक्षा मात्र झाली नाही. मुलं वर्गात गेल्यानंतर पानं बाहेर आली, असं मंडळाचं म्हणणं होतं.

म्हणजे फेरपरीक्षा हा शेवटचा उपाय. लाखो पोरांना पुन्हा बसवणं मंडळाला परवडत नाही. त्यामुळे आधी तारीख, सरासरी किंवा वाढीव गुण यावर भागवलं जातं.

खरी अडचण छोट्या गोंधळाची आहे. ढग भरून आले आणि लाईट गेली, वर्गात अंधार झाला. पेपर उशिरा हातात पडला. मधेच आग्यामोहोळ उठलं. ही बातमी पुण्यापर्यंत आपोआप जात नाही. केंद्र संचालकाने कळवली तरच जाते. खेड्यातलं पोरगं मात्र सरांना बोलायला भितं आणि गप्प लिहीत राहतं.

निकालानंतर गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन या सोयी आहेत. पण तिथे तपासलं जातं ते कागदावर लिहिलेलं. वाया गेलेली 20 मिनिटं उत्तरपत्रिकेत दिसत नाहीत.

म्हणून पोरांना दोनच गोष्टी सांगून ठेवा. प्रश्न चुकीचा वाटला तरी क्रमांक टाकून जमेल ते लिहायचं. आणि वेळ वाया गेला तर हात वर करून पर्यवेक्षकांना तिथल्या तिथे सांगायचं. पालकांनीही त्याच दिवशी केंद्र संचालकांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. निकाल लागल्यावर केलेल्या आरडाओरडीला पुरावा नसतो.