मास्क हवा, दंड कशाला?



मास्कची सक्ती हा व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला होता की साथीतली साधी जबाबदारी? आपल्या बैठकांतून हा वाद अजून निघतो. मला वाटतं, हवेतून पसरणारा आजार, सुरुवातीला लस नाही, दवाखाने भरलेले. अशा वेळी नाकातोंडावर कापड बांधणं ही काही मोठी किंमत नव्हती. मास्क लावणाऱ्याइतकाच समोरच्यालाही वाचवतो. त्यामुळे ‘माझं मी बघेन’ हे म्हणणं इथे टिकत नाही.

पण मास्क वेगळा आणि मास्कचा दंड वेगळा. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये मास्क सक्तीचा झाला. दंड पुढे २०० रुपये ठरला. गाडीतल्या माणसाला ही रक्कम किरकोळ, धुणीभांडी करणाऱ्या अनेकींची मात्र दिवसाची कमाई. (आजार आला होता विमानाने, लोकलने नव्हे!) वर घरमालकीण उघड्या तोंडाने शेजारी उभी, आणि भांडी घासणारीने घामाने ओल्या झालेल्या मास्कमधून श्वास घ्यायचा. रोग तर दोघींकडूनही पसरणार होता.

राज्यातली सक्ती २ एप्रिल २०२२ ला उठली. धोका ओसरला की बंधनही सैल व्हावं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. क्षय झालेल्या सुनेच्या बाबतीत ते का पटत नाही? औषध लागू पडलं की काही आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच कमी होते, तरी तिचं ताट महिनोन्महिने वेगळंच.

पुढच्या साथीत पालिकेने आधी वस्तीत मास्क फुकट वाटावेत, ही मागणी आपण आत्ताच लावून धरू या. तुमच्या गटांचे अनुभव जरूर कळवा.