बॅकअप आहे म्हणे!

‘बॅकअप आहे, काळजी नसावी’ हे वाक्य आपल्या सार्वजनिक संस्थांत मंत्रासारखे उच्चारले जाते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. एक बॅकअप सर्व्हर बचावला होता, म्हणून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली. पण बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. तोवर नोंदणी हाताने, कागदावर. याला यश म्हणणे मला मान्य नाही.

प्रत असणे आणि हव्या त्या क्षणापाशी परतता येणे या भिन्न गोष्टी आहेत. समजा, दुपारी २ वाजून १७ मिनिटांनी एका चुकीच्या आज्ञेने रुग्णांच्या नोंदी पुसल्या गेल्या. जुळा सर्व्हर तीच चूक क्षणार्धात इमानाने गिरवतो. रात्रीच्या प्रतीत सकाळचे रुग्ण नसतातच. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये उतरतो. जुन्या प्रतीवर तो लॉग पुन्हा चालवला की २ वाजून १६ मिनिटांवर थांबता येते. त्यासाठी लॉग अखंड हवा, अन्यत्र जपलेला हवा, आणि परतीची तालीम झालेली हवी. नेमकी तीच होत नाही. २०१७ मध्ये गिटलॅबच्या बॅकअपच्या अनेक व्यवस्था ऐन वेळी निकामी ठरल्या व सुमारे सहा तासांची माहिती गेली. निदान त्या कंपनीने ते जाहीरपणे मांडले.

आपल्या रुग्णालयांनीही सांगावे: शेवटची तालीम कधी झाली, किती तास लागले, किती नोंदी हरवल्या?