आमच्या आवडीचा मुकादम कोण?



दिवाळी आली की तीन गोष्टी ठरल्यासारख्या येतात. फटाक्यांचा धूर, बोनसवरून ठेकेदाराची टाळाटाळ आणि याद्या. 'या दिवाळीत वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं.' 'सुट्टीत चुकवू नयेत असे दहा सिनेमे.' 'आप्तांना भेट द्यावीत अशी पाच पुस्तकं.' पेपरच्या पुरवणीत याद्या, मोबाईलवर याद्या. वर हेडिंग तेच, झिजून गुळगुळीत झालेलं: साहित्याचा फराळ.

फराळ हा शब्द ऐकला की माझी आजी नुसती हसते. तिच्या गावी दिवाळीला महारवाड्यातल्या बाया पाटी घेऊन गावात जायच्या. मागच्या दारी उभं राहायचं. आतून मोडकी करंजी, जळका अनारसा, शिळंपाकं पाटीत पडायचं. वरून पडायचं, हाताला हात लागू नये म्हणून. तेव्हा फराळ कोणाच्या आवडीचा असतो आणि कोणाच्या पाटीत पडतो, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

मी गोदीत काम करतो. धक्क्याला लागलेल्या बोटीला लक्ष्मीपूजन कळत नाही. ती जितके दिवस उभी, तितका मालकाचा खर्च, म्हणून पाळ्या चालूच राहतात. ठेक्यावरच्या माणसाला काम नाही तर दाम नाही. यादीवाले ज्याला सुट्टी म्हणतात त्याला आमच्यात खाडा म्हणतात. यादी करणाऱ्यानं वाचक म्हणून जो माणूस डोळ्यांपुढं धरलाय त्याला आरामखुर्ची आहे, खिडकी आहे, खिडकीत आकाशकंदील आहे. बायको आत चकल्या तळतेय आणि तो वाचतोय. ती कधी वाचणार, ते यादीत लिहिलेलं नसतं. दोनशे-तीनशेच्या खाली बरा दिवाळी अंक हाती येत नाही, तेही लिहिलेलं नसतं.

यादी म्हणजे काय? गोदीतल्या माणसाला एका शब्दात कळेल. मुकादम.

पूर्वी गोदीच्या गेटावर पहाटेपासून माणसं उभी राहायची. टोळीवाला यायचा आणि हात करायचा. तू ये, तू ये, तू नको. जो त्याच्या गावचा, जो त्याच्या जातीचा, ज्यानं त्याच्या मुठीत काही दाबलं, तो आत. बाकीच्यांनी रिकाम्या पोटी घरी जायचं. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. मग बोर्ड आलं, नोंदणी आली, पाळीपाळीनं काम मिळायला लागलं. टोळीवाल्याचा तो हात मोडला. (आज ठेकेदारीच्या रूपानं तो पुन्हा उगवलाय, पण त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.)

वाचनाच्या गोदीत मात्र तो कायदा कधी आलाच नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. त्या वर्षी भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते आणि त्यांच्या जातीतल्या बहुतेकांनी पाटीला हातही लावला नव्हता. तेव्हापासून शंभरावर दिवाळ्या झाल्या. १९६९ साली लिटल मॅगझिनवाल्या पोरांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. 'सत्यकथा' १९८२ साली बंदही पडली. मुकादम बदलले, गेट तेच राहिलं. आता तर मोबाईलही मुकादम झालाय. एक सिनेमा बघितला की लगेच म्हणतो, 'खास तुमच्यासाठी निवडलेलं.' अरे, तुला निवडायला सांगितलं कोणी?

आता यादीत असतं काय ते बघू.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' असतंच. १९६७ पासून ते खपतंय. मी ते वाचलंय, दोनदा वाचलंय, पाळी सुटल्यावर हार्बरच्या गाडीत उभ्यानं. पानं सरसर उलटतात, खोटं कशाला बोलू? पण मला ते आवडत नाही. का आवडत नाही ते सांगतो.

कर्णाचं दुःख काय? तो मुळात कुंतीच्या पोटचा, सूर्याचा पोर, आणि जगानं त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं. वाचक रडतो तो माणसाला जातीवरून हिणवलं म्हणून नाही. चुकीच्या माणसाला हिणवलं म्हणून रडतो. पत्ता चुकला म्हणून रडतो. मग जो खरोखरच सूताच्या पोटी जन्मला त्याचं काय? त्याच कादंबरीत शोण आहे, अधिरथाचा सख्खा पोर. सावंतांनी त्याला बोलायलाही दिलंय. पण तो बोलतो काय, तर भावाचा मोठेपणा. शोणाला कवचकुंडलं नाहीत, म्हणून शोणासाठी कोणी रडत नाही. आम्ही सगळे शोण आहोत, दोस्तांनो. आमच्या जन्मामागं कुठलाही सूर्य लपलेला नाही, आणि आम्हाला तो नकोही आहे.

याच्या शेजारी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ठेवून बघा. १९६३ सालची. तिथंही जात लपवलेला माणूस पकडला जातो. पण 'हा मुळात वरचाच होता' असं सांगायला कोणी देव येत नाही. तो मार खातो तो त्याच्या खऱ्या जातीपायी. ही कथा वाचून मला रात्रभर झोप आली नव्हती. दिवाळीच्या यादीत ती मला अजून भेटायची आहे.

पण यादीवाले आता हुशार झालेत. दहांत एक आमचं घालतात. दया पवारांचं 'बलुतं' नाहीतर लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. राखीव जागा भरली, कोटा संपला. 'बलुतं' थोर आहे, त्यावर वाद नाही. पण ते १९७८ सालचं. त्यानंतर आमच्या हातातली शाई वाळली होती काय? बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं, उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. त्यांची पाळी कधी? आणि खरी गोम पुढंच आहे. त्यांना आमचं तेच पुस्तक हवं असतं ज्यात आम्ही मार खातो. 'आयदान'मधल्या बाया डोक्यावर ओझं घेऊन डोंगरवाट तुडवताना एकमेकींची जी थट्टा करतात, ती त्यांना दिसत नाही. आमची जखम त्यांना चालते. आमचं हसणं चालत नाही, कारण आम्ही हसताना कोणाकडं बघून हसतोय हे त्यांना नक्की कळत नाही.

सिनेमाचंही तसंच. २०१४ साली 'फँड्री' थेटरात आला. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट बघणाऱ्याच्या तोंडावर. अंधारात माझ्या शेजारचा माणूस दचकला होता. आज तोच सिनेमा 'सुट्टीत सहकुटुंब पाहावेत'च्या यादीत. सोफ्यावर बसायचं, चिवडा खायचा, मध्येच एक दगड खायचा आणि वर म्हणायचं, काय सुंदर टेकिंग आहे! यादीत गेला की दगडाचासुद्धा पेढा होतो.

माझी स्वतःची आवड विचाराल तर 'दीवार'. १९७५ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्या गड्याला तो तोंडपाठ आहे. त्यात अमिताभ गोदीत हमाल असतो. बिल्ला नंबर ७८६. हप्ता द्यायला नकार देतो, गोडाऊनचं दार आतून लावून घेतो आणि गुंडांना धुतो. शहाणे म्हणतील, पलायनवादी सिनेमा. मलाही दिसतं की थोड्याच वेळात हिरो गोदी सोडून स्मगलर होतो, कारण गोणी उचलणारा माणूस तीन तास बघायची कोणाची तयारी नसते. मला हेही दिसतं की युनियन चालवणारा त्याचा बाप सुरुवातीलाच मोडून पडतो. जातीचा तर त्यात उच्चारही नाही. हे सगळं दिसून मला तो आवडतो. पाठीवर ओझं घेतलेला माणूस तिथं एकदा मान वर करतो, म्हणून आवडतो. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात मावतात. आवड म्हणजे अक्कल गहाण टाकणं नव्हे.

इथं एखादा सभ्य गृहस्थ म्हणेल, 'अहो, आवड ज्याची त्याची. यादी आवडली नाही तर सोडून द्या.' इतकं सोपं नाही, साहेब. आवड आभाळातून पडत नाही. ज्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्या घरच्या पोराला कादंबरी आवडते. ज्या घरात दहा बाय दहात सात माणसं निजतात तिथं पोराला वाचनाआधी झोप आवडते. आणि आमच्या बाबतीत तर आवड हा शब्दच शिल्लक ठेवला नव्हता. मनूनं लिहून ठेवलंय: यांनी प्रेताच्या अंगावरचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावेत. ही यादीच होती की! कोणी काय खावं, काय नेसावं, काय ल्यावं याची यादी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली.

म्हणून आमच्यातला एखादा उठून 'हे मला आवडलं' किंवा 'हे मला आवडलं नाही' म्हणतो, तेव्हा ती चैन नसते. तो हक्क असतो, पाण्यावरच्या हक्कासारखा. त्यांच्याकडं त्याला अभिरुची म्हणतात. आम्ही चव म्हणतो. चव ज्याच्या त्याच्या जिभेवर असते, ती दुसऱ्याला मुकादमाकरवी घेता येत नाही.

मग कोणी कोणाला पुस्तक सुचवूच नये काय? सुचवावं. केळुस्कर गुरुजींनी सुचवलंच ना. भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्यांनी आधी पोरगा बघितला, मग पुस्तक दिलं. यादीवाला पोरगा बघत नाही, हा फरक आहे. त्या एका भेटीतून पेरलेलं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात उगवलं.

पुढं त्या पोरानं स्वतःची आवड स्वतः कमावली. परदेशात शिकताना पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तकं विकत घेतली. १९१७ साली परतताना ती दुसऱ्या बोटीनं पाठवली, आणि महायुद्धात ती बोट टॉर्पेडोनं बुडवली. मी गोदीतला माणूस, मला अजून वाटतं की ती बोट धक्क्याला लागायची बाकी आहे. त्यानं हात टेकले नाहीत. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. ते कुठल्या यादीत होतं?

आता आपल्या घरात बघू, कारण मुकादम आपल्यातही आहेत. चळवळीच्या बैठकीत मला एकानं झापलं, 'डिटेक्टिव्ह कादंबऱ्या कसल्या वाचतोस? लव्हस्टोऱ्या कसल्या बघतोस? क्रांतीचं वाच.' त्याच्या खिशात पण यादी होती, फक्त शाई निळी होती. भाऊ, अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्याच अण्णाभाऊंनी तमाशातल्या बाईची 'वैजयंता' लिहिली, प्रेमाच्या गोष्टी लिहिल्या, पोवाडे लिहिले, वग लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले आणि लोकांनी पिटात बसून शिट्ट्या मारल्या. त्यातलं क्रांतीचं कुठलं आणि करमणुकीचं कुठलं, हे तू ठरवणार? बामणी यादी फाडायची आणि त्याच खिळ्याला आपली टांगायची, याला मी विद्रोह म्हणत नाही.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जाऊन बघा. मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं येतात, रेल्वेत दाटीवाटीनं, फडक्यात भाकरी बांधून. तो सण नाही. तरी त्या दिवशी पुस्तकांच्या दुकानांपुढं जेवढी गर्दी असते तेवढी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. अक्षर न वाचता येणारी म्हातारी पुस्तक हातात घेते, उलटंपालटं करते, नातवाला म्हणते, 'वाच बरं जरा.' पोरगा अर्धं पान वाचतो. ती मान हलवते, नाहीतर खाली ठेवते. खाली ठेवते ते मला फार आवडतं. कनवटीचे पैसे मोजून ती जे घेते, ते तिनं घेतलेलं असतं. तिच्या पाटीत वरून कोणी टाकलेलं नसतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. या दिवाळीत यादी आली तर वाचा, पण हजेरीपट असल्यासारखी वाचू नका. त्यातलं एखादं आवडलं तर लाजू नका. नाही आवडलं तर घाबरू नका. पण का, ते सांगा. 'का' सांगता आलं की आवड तुमची झाली.

आणि पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवा. दहा पुस्तकांची नावं नकोत. तुम्ही अर्ध्यात टाकून दिलेलं एक पुस्तक आणि खाडा करून बघितलेला एक सिनेमा, एवढंच लिहा. का टाकलं, का बघितला, तेही लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कोणाकडून तरी लिहून घ्यावं, पण शब्द आपले ठेवावेत. आम्ही सगळी छापू, क्रमांक न लावता.

जयभीम!