करबचावाची कला आणि नीती

शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या हाती वेतन पडण्यापूर्वीच त्यातून प्राप्तिकर कापला जातो. तो द्यावा की न द्यावा, याचा विचार करण्याची संधीच त्याला मिळत नाही. गंमत अशी की, व्होडाफोन कंपनी आणि भारत सरकार यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला प्रसिद्ध खटलाही नेमका याच कपातीचा होता. समोरच्याला पैसे देताना त्यातून भारताचा कर का कापून घेतला नाही, असा सरकारचा सवाल होता.

२००७ साली व्होडाफोनने हचिसन एस्सार या कंपनीतील सुमारे ६७ टक्के हितसंबंध सुमारे १,१०० कोटी डॉलरना विकत घेतले. मुंबईकरांनी ‘ऑरेंज’ म्हणून वापरलेली मोबाईल सेवा याच उद्योगाची. ग्राहक भारतातले, मनोरे भारतातले, परवानेही भारत सरकारचे. प्रत्यक्षात हात बदलला तो मात्र केमन बेटांवरील एका कंपनीचा एकुलता एक समभाग! विकणारा परदेशी, घेणारी व्होडाफोनची डच उपकंपनी. भांडवली नफ्यावर केमन बेटांत कर नाही आणि हाँगकाँगमध्येही नाही. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपयांची मागणी केली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

या निकालाला कायद्याच्या दृष्टीने नावे ठेवण्याचे कारण नाही. कंपन्यांची ही उतरंड ऐन विक्रीच्या वेळी रचलेली नव्हती, ती आधीच्या अनेक वर्षांची होती; आणि कलमात जे लिहिलेले नाही ते न्यायालयाने त्यात वाचावे, ही अपेक्षा धोक्याची आहे. करचुकवेगिरी हा गुन्हा आणि करबचाव हा हक्क, हा भेद जुनाच आहे. इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या माळ्याला पगाराऐवजी करारपत्राने वार्षिक रक्कम देऊन आपला कर वाचविला आणि १९३५ साली तेथील उमराव सभेने तो व्यवहार वैध ठरविला. आपल्याकडे १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात न्या. चिनप्पा रेड्डी यांनी या तत्त्वाला निरोप देण्याची भाषा केली. मॉरिशस कराराविषयीच्या २००३ च्या निकालात तो सूर मागे पडला.

परंतु जे वैध ते उचितच, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? संचालक म्हणतात, भागधारकांचा पैसा राखणे हे आमचे कर्तव्य. ते आहेच. मात्र ज्या देशाच्या ध्वनिलहरी, न्यायालये आणि ग्राहक यांच्या बळावर एखाद्या उद्योगाचे मोल वाढते, त्या वाढलेल्या मोलात त्या देशाचा काहीच वाटा नाही, हे म्हणणे सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटणारे नाही. माळ्याला असा ड्यूकपणा परवडत नाही, हीच खरी मेख आहे. केमन बेटांचा रस्ता ज्याला वकिलांचा ताफा बाळगता येतो त्याच्यासाठीच खुला असतो. त्याने न भरलेल्या कराची भरपाई अखेर पगारदाराकडून आणि मोबाईलच्या बिलावरील १८ टक्के करातून होते.

सरकारचे आचरणही मात्र निर्दोष नव्हते. खटला हरल्यावर २०१२ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती आणली. डाव हरल्यावर नियम बदलणाऱ्याने दुसऱ्याला नीतीचे धडे द्यावेत, हे शोभत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हेग येथील लवादाचा निर्णय सरकारविरुद्ध गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने त्या तरतुदीचा पूर्वलक्षी अंमल मागे घेतला.

२०१२ च्या मे अखेरीनंतरच्या अशा व्यवहारांवर ती तरतूद कायम आहे. केवळ कर वाचविण्यासाठी रचलेले व्यवहार नाकारण्याचा अधिकारही १ एप्रिल २०१७ पासून खात्याला मिळाला आहे. २००७ च्या त्या विक्रीतील नफ्यावर मात्र भारताच्या तिजोरीत काहीच आले नाही.