पूल आहे का पूल?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या हापिसात दरवर्षी एक साथ येते. होळी, गुढीपाडवा, गुड फ्रायडे ह्यांतला कुठला शनिवार-रविवारला चिकटून आलाय ते बघितलं जातं, 'ह्या वेळी कोकण नक्की' असं ठरतं आणि कुणीतरी एक्सेलची शीट उघडतं. अंतर, भाडं, एसी, वाय-फाय असे कॉलम पडतात. सगळ्यात पहिला कॉलम मात्र ठरलेला : पूल आहे का? गावाचं नाव नंतर!

(पूल म्हणजे नदीवरचा नव्हे हो. डुंबायचा.)

तर मंडळी, माझं म्हणणं अगदी सरळ आहे. फाल्गुन ते वैशाख ह्या दिवसांत कोकणात जाऊन पूलवाला व्हिला घेणं हा शुद्ध माजोरडेपणा आहे. आणि हे मी अनुभवाने बोलतोय, कारण तो माज मी स्वतः केलाय.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही टीममधले आठ जण दापोली तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. डोंगरउतारावर पांढराशुभ्र व्हिला, खाली समुद्र, मधे निळाशार पूल. शनिवारी सकाळी चहा घेत बाहेर आलो तर गेटमधून टँकर आत येत होता आणि खालच्या वळणावर चार बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं गावचा टँकर असेल. आमची भांडी घासायला आलेल्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तो तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आलं तर." आवाजात तक्रार नव्हती. घड्याळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं सांगितलं.

आणि तरीही अर्ध्या तासाने आम्ही पूलमध्ये उतरलो. पैसे भरले होते ना!

परत आल्यावर गप्प बसवेना म्हणून हिशोब केला. मध्यम आकाराचा पूल घ्या : ३० फूट बाय १२ फूट, खोली ४ फूट. म्हणजे १४४० घनफूट, म्हणजे साधारण ४० हजार लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर मिळावं असं धरलंय. करा भागाकार. एका माणसाचं दोन वर्षांचं पाणी!

आता कुणीतरी म्हणणार, अरे पण ते पाणी रोज कुठे बदलतात? फिल्टर असतो की! मान्य. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज पाच मिलिमीटर जरी वाफ झाली, तरी ह्या आकाराच्या पूलमधून दीडशे लिटरच्या वर पाणी उडून जातं. जवळजवळ तीन माणसांचं रोजचं पाणी. शिवाय फिल्टर धुवायला पाणी, आणि उतरायच्या आधी-नंतरचे आठ जणांचे शॉवर वेगळेच.

"कोकणात कसली रे पाणीटंचाई? तिथे तर धो धो पडतो!" हेही ऐकलंय. पडतो ना. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पुण्याच्या चौपट. पण सह्याद्री ते समुद्र अंतर पन्नास-साठ किलोमीटर. नद्या आखूड, उतार तीव्र. वर जांभ्याचा सच्छिद्र कातळ. पाणी आत शिरतं आणि पाझरून निघूनही जातं. म्हणून ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. म्हणजे नेमकी आपली एक्सेल शीट उघडते तेव्हा.

तिसरा मुद्दा रोजगाराचा. "आपण गेलो तर गावातल्या लोकांनाच काम मिळतं." मिळतं, पण कुठलं? आमच्या व्हिलाचे मालक पुण्यात. गावाच्या वाट्याला भांडी घासणं आणि गेट उघडणं. वीस हजारांतले किती त्या ताईंच्या हातात पडले असतील?

ह्याच्या उलट वेळास बघा. मंडणगड तालुक्यातलं छोटंसं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी इथून चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि लोकांनी घरंच पाहुण्यांसाठी उघडली. ओटीवर गाद्या, आमसुलाचं सार, बादलीभर पाण्यात आंघोळ. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जायचं. कधी पिल्लं समुद्राकडे तुरुतुरु निघतात, कधी एकही बाहेर येत नाही. गॅरंटी नाही. पण राहण्या-जेवणाचे पैसे त्याच घरात जातात आणि कासव जगण्यात घराचा फायदा असतो. ह्याला म्हणतात रोजगार!

आणि वसंतच बघायचा असेल तर तो पूलच्या कडेला दिसत नाही हो. तो दिसतो घाटातल्या पळस-पांगाऱ्यात. वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या गजऱ्यात. कुयरीच्या भाजीत आणि ओल्या काजूगरांच्या उसळीत. शिमग्याची पालखी कुणाच्या अंगणात किती वाजता नाचणार हे कुठल्याही बुकिंग साइटवर नसतं, ते घरच्या काकूंना माहीत असतं. कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण सडा तापायच्या आत, सकाळी सकाळी पोचायचं तर जवळच्या घरात मुक्काम हवा. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, आंजर्ले... कुठेही जा, घरगुती सोय होते. 'निवास व न्याहारी' योजनाही आहेच.

घरगुती मुक्काम म्हणजे स्वर्ग असंही नाही. संडास-बाथरूम कधी घराबाहेर असतं. दहाला दिवे मालवतात. काही ठिकाणी फोनवर पहिला प्रश्न 'आडनाव काय?' असा येतो, आणि त्यामागे काय विचारलंय ते आपल्याला कळतं. अशा घरी मी जात नाही. दुसरं घर शोधतो, सापडतं. पण ह्या त्रासांना उपाय आहेत. आटलेल्या विहिरीला एप्रिलमध्ये उपाय नाही.

आपण पाच दिवस हापिसात मेमरी लीक शोधतो. कोड रिव्ह्यूमध्ये एकेका बाइटवरून भांडतो. शनिवारी मात्र दुसऱ्याच्या गावचं चाळीस हजार लिटर पाणी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. हे काय इंजिनिअरिंग झालं?

असो. ह्या वर्षीच्या शीटमधला पहिला कॉलम मी बदललाय. 'पूल आहे का?' च्या जागी 'विहिरीला पाणी आहे का?' फोन करून तेवढंच विचारायचं आणि नसेल तर दुसरं गाव बघायचं. लगेच तिघांनी नावं काढून घेतली. उरलो पाच जण.

ज्या काकूंशी बोलणं झालंय त्यांच्या ओटीवर पाच जण आरामात मावतात म्हणे :)