रस्ता कोणासाठी?

१९३८ साली पवनारला जाण्यापूर्वी विनोबांचे वास्तव्य असलेले नालवाडी आज वर्धा शहराला जोडले गेले आहे. तेथील मजुराचा, विद्यार्थिनीचा आधार एस.टी.; तिचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी ५ जूनला सुमारे ५५ हजार कोटींचा, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपूर्ण खुला झाला. तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो. पण त्यावर दुचाकीलाही मज्जाव! महामार्गावरील खर्च ही ‘गुंतवणूक’ आणि एस.टी.वरील खर्च हा ‘तोटा’, हा कोणता न्याय? सार्वजनिक पैशावर पहिला हक्क थांब्यावर ताटकळणाऱ्याचा आहे. कार्यकर्त्यांनी हा दुटप्पी हिशेब गावोगाव उघडा पाडला पाहिजे.